संघभावना आणि वस्तूचे पालकत्व

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या स्नेहसंमेलनात दोन शब्द बोलावेत असे संस्थेच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्वान प्राध्यापक, नामांकित वकील आणि यशस्वी डॉक्टर बोलून गेले. आमचा व्यवसाय संगणकाचा. उमेदीची सारी वर्षे पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बंद खोल्यांत गेली. त्यात श्रोत्यांनी ऐकावे असे ते काय असणार? परंतु चिटणीसांनी पत्रात एक वाक्य लिहिले होते, त्याने आमचा निरुपाय झाला. त्यांनी लिहिले होते, ‘आपल्या ज्ञातीत आता असे घर विरळाच, की ज्या घरातील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई या व्यवसायात नाही. ही मुले दिवसभर नेमके करतात तरी काय, हे घरच्यांस कोणी तरी नीट सांगावे.’

चिटणीसांचे म्हणणे यथार्थ आहे. रात्री नऊ वाजता पान वाढून झालेले असते आणि मुलगा पडद्यासमोर बसून परदेशातील कोणाशी तरी बोलत असतो. आई दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवते. त्याचा पगार किती हे तिला ठाऊक असते. त्याचे काम काय हे तिला सांगता येत नाही. वैद्याच्या आईस, शिक्षकाच्या आईस, शेतकऱ्याच्या आईस ही अडचण कधी पडली नाही. तेव्हा आज त्या कामाविषयी, आणि त्या कामाच्या मुळाशी जी संघभावना लागते तिच्याविषयी, यथामति काही सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. आपल्याकडे हा व्यवसाय काही कालपरवाचा नव्हे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था मुंबईत १९६८ साली सुरू झाली. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली आपल्या पुण्यातच झाली. पुढे ती बंगळुरास गेली. पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी पुण्यात १९९० साली निघाली. त्यानंतर हिंजवडीच्या शेतांतून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. या पहिल्या काळातील बहुतेक काम परक्याने सांगितलेले असे. काय करावयाचे हे तिकडे ठरे, कसे करावयाचे हे इकडे पाहिले जाई. सांगितलेले काम, सांगितल्या दिवशी, सांगितले तसे पुरे करणे हाच तेव्हाचा सद्गुण होता, आणि त्या सद्गुणावर आमच्या पिढीने घरे बांधली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु पुढे पुढे आपल्याकडील कंपन्या स्वतःची वस्तूही बनवू लागल्या. वस्तू म्हणजे या व्यवसायातील ‘प्रॉडक्ट’: कोणी पैसे पाठवण्यासाठी वापरतो, कोणी दुकानाचा हिशेब ठेवण्यासाठी, कोणी रेल्वेचे तिकीट काढण्यासाठी. आता काय करावयाचे हे सांगणारा कोणी उरला नाही. ते आपणच ठरवावयाचे. हे ठरवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्यास प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात.

या पदाचे मूळ संगणकात नाही, साबणात आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीत नील मॅकेल्रॉय नावाचा तरुण अधिकारी होता. त्याच्याकडे कॅमे नावाचा साबण होता, आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे तो मागे पडत होता. मे १९३१ मध्ये त्याने वरिष्ठांस तीन पानांचे टिपण लिहिले. त्याचा आशय असा, की प्रत्येक साबणामागे त्याचीच चिंता वाहणारी माणसे असावीत. त्यांनी दुकानांतून हिंडावे, माल कोठे खपतो आणि कोठे खपत नाही ते पाहावे, आणि न खपण्याचे कारण शोधून त्यावर उपाय करावा. हाच मॅकेल्रॉय पुढे १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्याच्या टिपणातील कल्पना मात्र साबणापुरती न राहता सर्व उद्योगांत पसरली.

ही कल्पना आपल्या घरच्या दृष्टांताने अधिक स्पष्ट होईल. लग्नघरी आचारी असतात, वाढपी असतात, पाणक्या असतो आणि एक माणूस कोठीवर बसलेला असतो. कोठीवरचा माणूस आचाऱ्यांचा मालक नव्हे. स्वयंपाक तर त्याला बहुधा येतही नाही. परंतु पंगती किती उठतील, वऱ्हाडात वृद्ध किती आणि मुले किती, उपासाचे कोण आहे, जिलबी वाढवावी की भात, हे सारे त्याच्या डोक्यात असते. आचाऱ्याने आणखी एक पक्वान्न करण्याचा उत्साह दाखवला तर ‘नको’ म्हणण्याचे कामही त्याचेच. पाहुणा उपाशी उठला तर दोष मात्र आचाऱ्याकडे जाण्याआधी त्याच्याकडे येतो. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे असा कोठीवरचा माणूस. त्याच्या हाती हुकूम थोडा आणि उत्तरदायित्व फार. म्हणूनच आम्ही या कामास अधिकार न म्हणता पालकत्व म्हणतो.

आता संघाकडे वळू. सामान्य माणसास वाटते, की दहा माणसांनी एक वर्षात जे काम होते ते वीस माणसांनी सहा महिन्यांत व्हावे. विहीर खणताना हे काहीसे खरे असेल. आज्ञावली लिहिताना ते खरे नाही. फ्रेडरिक ब्रूक्स या थोर संगणकतज्ज्ञाने आयबीएम कंपनीत सिस्टिम ३६० या यंत्राच्या कार्यप्रणालीचे अवाढव्य काम सांभाळले. ते लांबत गेले. त्या अनुभवातून त्याने १९७५ साली एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात असा सिद्धांत मांडला, की लांबलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखीच लांबते. याचे एक कारण साध्या गणितात आहे. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या १० होतात, दहा माणसांत ४५, आणि वीस माणसांत १९०. प्रत्येक जोडी म्हणजे समजुतीचा एक धागा. माणसे दुप्पट झाली की धागे चौपटीहून अधिक होतात, आणि तितक्याच गैरसमजांस वाट मिळते.

मेल्विन कॉन्वे या दुसऱ्या तज्ज्ञाने १९६८ साली आणखी मार्मिक निरीक्षण नोंदवले. ज्या संस्थेत माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घडणीची वस्तू त्या संस्थेतून बाहेर पडते, असे त्याचे म्हणणे. दोन खात्यांत अबोला असेल तर त्यांनी केलेल्या वस्तूच्या दोन भागांतही अबोलाच राहतो. एकत्र कुटुंबातील दोन जावांत अबोला असला, की भाजीत मीठ दोनदा पडते किंवा मुळीच पडत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा सॉफ्टवेअरचे दोष केवळ यंत्रात शोधून भागत नाही, ते माणसांच्या बोलण्यात शोधावे लागतात.

एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान पाठवले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना ते नष्ट झाले. चौकशीत आढळले, की एका बाजूचे सॉफ्टवेअर आकडे इंग्रजी मापात देत होते आणि दुसरी बाजू ते मेट्रिक मापात समजून घेत होती. वर्तमानपत्रांत मापांचीच चूक गाजली. परंतु आम्हांस त्या चौकशीतील दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. यानाचा मार्ग पाहणाऱ्या मंडळींस काहीतरी चुकते आहे ही शंका आधीच आली होती. मात्र ती रीतसर नोंदली गेली नाही आणि तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला नाही. शंका होती, परंतु तिला बसण्यास पाट मिळाला नाही.

याच्या उलट उदाहरण जपानातील. साकिची टोयोडा या संशोधकाने असा माग तयार केला, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. १९२४ सालचा त्याचा स्वयंचलित माग प्रसिद्ध आहे. आपल्या इचलकरंजीच्या आणि सोलापूरच्या मंडळींस यातील मर्म लगेच कळेल. धागा तुटूनही माग चालत राहिला तर गजच्या गज कापड वाया जाते. पुढे त्याच घराण्याने मोटारींचा कारखाना काढला, तेव्हा तेथेही तेच तत्त्व ठेवले. दोष दिसला तर साध्या कामगाराने दोरी ओढावी, वरिष्ठांनी धावून यावे, आणि दोष निस्तरेना तर काम थांबावे. दोरी ओढणाऱ्याचा तेथे राग येत नाही, कारण त्याने पुढचे नुकसान वाचवलेले असते. सॉफ्टवेअर व्यवसायाने ही शिकवण जपानी कारखान्यांकडूनच उचलली आहे.

एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीने रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी होत असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे आले ते उलटे. चांगल्या तुकड्यांच्या नावावर चुका अधिक! अधिक शोध घेता उलगडा झाला, की तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर तेथे त्या बोलून दाखवल्या जात होत्या. इतरत्र भीतीपोटी त्या झाकल्या जात. ज्या घरात मूल ‘कप मी फोडला’ असे सांगू शकते त्या घरात फुटलेल्या कपांची गणती होते. इतर घरांत नुसतेच कप कमी होत जातात.

ज्ञातिबंधूंनो, येथवर आम्ही दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची सांगावयास हवी, नाहीतर हे भाषण म्हणजे परोपदेशे पांडित्य ठरेल.

२००७ सालच्या अखेरीची गोष्ट. पुण्यातील एका कंपनीत आम्ही एका संघाचे प्रमुख होतो. आम्ही धरून नऊ माणसे. पतपेढ्यांच्या ठेवींचा आणि व्याजाचा हिशेब ठेवणारी वस्तू आम्ही करत होतो. संघात नोकरीस लागून दोनच वर्षे झालेली एक मुलगी होती, आणि चाचणीचे काम तिच्याकडे होते. एका बैठकीत ती म्हणाली, ‘सर, यात फेब्रुवारीचे दिवस २८ धरलेले दिसतात. पुढचे वर्ष लीप वर्ष आहे. आपण २९ दिवसांची चाचणी घेतलेली नाही.’ वस्तू पोहोचवण्याचा दिवस ठरलेला होता. वरिष्ठांस शब्द दिलेला होता. आम्ही म्हणालो, ‘तारीख आता बदलणार नाही. ते पुढच्या खेपेस पाहू.’ ती गप्प बसली. बैठक वेळेवर संपली याचे आम्हांस समाधान वाटले.

पुढची खेप यावयाच्या आधी २९ फेब्रुवारी २००८ आला आणि गेला. ३१ मार्चला व्याज जमा झाले ते एका दिवसाने कमी. दहा हजारांच्या ठेवीवर नऊ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज सुमारे २ रुपये ४७ पैसे होते. रक्कम क्षुल्लक. परंतु एका तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक ठेवपावती आणि पेन्सिलीने केलेला हिशेब घेऊन पतपेढीत आले आणि खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, ‘माझा एक दिवस कोठे गेला?’ दुसऱ्या दिवशी तेथे रांग लागली. पतपेढीचा सारा कारभार विश्वासावर चालतो. तेथील कारकुनांनी कित्येक रात्री जागून सर्व खाती हातांनी तपासली.

आमच्या कंपनीत चौकशीची बैठक झाली. वरिष्ठांनी विचारले, ‘चाचणीचे काम कोणाकडे होते?’ आणि आम्ही त्या मुलीचे नाव सांगितले. शब्दशः पाहता ते खोटे नव्हते. परंतु त्याहून मोठे असत्य आम्ही आयुष्यात बोललेलो नाही. तिने एकवार आमच्याकडे पाहिले आणि वहीत मान घातली. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली.

पुढे काही वर्षांनी आम्ही तिला पत्र लिहून क्षमा मागितली. तिचे उत्तर सौजन्याचे आले. परंतु त्या बैठकीत उरलेल्या सात जणांनी जो धडा घेतला, तो पत्राने पुसला जाण्यासारखा नव्हता. त्यानंतर वर्षभर आमच्या बैठकांत कोणीही शंका काढली नाही. सर्व बैठका वेळेवर संपत. आम्ही त्या शांततेस शिस्त समजत होतो. ती शिस्त नव्हती. तो तुटल्या धाग्यानिशी चालणारा माग होता.

हे उमगल्यावर आम्ही चार नियम स्वतःस घालून घेतले. पहिला, बैठकीत सर्वांत धाकट्याने आधी बोलावे आणि प्रमुखाने शेवटी. कारण प्रमुख आधी बोलला की पुढे नुसते अनुमोदन उरते. दुसरा, निघालेली शंका त्याच क्षणी लिहून घ्यावी, आणि तिचे काय झाले हे सांगितल्याशिवाय पुढची बैठक सुरू करू नये. तिसरा, दोष निघाल्यावर ‘कोणी केले’ हा प्रश्न विचारू नये, ‘आपल्याला ते आधी का दिसले नाही’ हा विचारावा. चौथा, प्रमुखाने महिन्यातून एकदा आपली स्वतःची चूक सर्वांसमक्ष सांगावी. हा चौथा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले. पण संघ पुन्हा बोलू लागला तो त्याच नियमाने. या व्यवसायात हल्ली वरिष्ठांस एकेरी नावाने हाक मारण्याची रीत आहे, आणि तिलाच समता समजण्याचा प्रघात पडला आहे. आमचा अनुभव निराळा आहे. ‘अहो सर’ म्हणूनही ‘तुमचे चुकते आहे’ असे सांगता येते, आणि नुसत्या नावाने हाक मारूनही ते सांगता येत नाही. प्रश्न हाकेचा नाही, ऐकणाऱ्याच्या मनाचा आहे.

हे सारे ज्ञातिसंस्थेच्या संमेलनात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण आपली मुले. संध्याकाळी मुलगा घरी आला की आपण विचारतो, बढती कधी, परदेशी कधी पाठवणार, अमक्याच्या मुलाने घर घेतले, तुझे काय? चुकीविषयी तोंड उघडावयाचे नाही हे शिक्षण कंपनीच्या आधी आपण घरी देतो. एखाद्या दिवशी असे विचारून पाहावे, ‘आज काही चुकले का? कोणाला सांगितलेस का?’ तो चकित होईल. कदाचित जेवताना पाच मिनिटे अधिक बसेल.

दुसरे कारण थोडे नाजूक आहे. अशा प्रत्येक समारंभानंतर कोणी तरी स्नेही हाती अर्ज देतात आणि म्हणतात, ‘आपल्यातलाच मुलगा आहे, तेवढा चिकटवून घ्या.’ त्यांच्या आपुलकीविषयी आम्हांस आदर आहे. परंतु संघात नाना ठिकाणांहून, नाना ज्ञातींतून आलेली माणसे शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांना बांधणारा धागा एकच असतो: येथे कामावरून तोलले जाते हा विश्वास. कुळावरून घेतलेला एक माणूस तो धागा तोडतो, आणि त्या मुलाच्याही मानेवर जन्मभराचे ओझे ठेवतो. म्हणून आम्ही असे सांगतो, की मुलास आमच्याकडे रविवारी पाठवा. त्याला तयार करण्यास आम्ही झटू, मागील दाराने आत सोडण्यास नाही. मग मुलगा कोणत्याही ज्ञातीचा असो, रविवार सर्वांस खुला आहे.

तिसरे कारण आपली ही संस्था. आम्ही येथून पाहतो आहोत: पुढच्या खुर्च्यांवर आम्ही पिकल्या केसांची मंडळी बसलो आहोत, आणि तरुण मंडळी मागे दाराशी उभी आहेत. वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, टाळ्या होतात, ठराव एकमताने संमत होतात. हे एकमत खरोखरच एकमत आहे की आमच्या त्या वर्षभराच्या शांततेसारखे आहे, याचा विचार व्हावा. आमची नम्र सूचना एवढीच, की पुढील वर्षापासून अहवालात ‘यंदा आमचे काय चुकले’ असा एक परिच्छेद पदाधिकाऱ्यांनी स्वतः लिहावा, आणि चर्चेस आरंभ सभेतील सर्वांत तरुण सभासदाने करावा. त्याने कोणाचा मान कमी होणार नाही. धाग्याचा तुटणे हा धर्मच आहे. तुटला असता थांबणे आणि गाठ मारणे हे मागाचे काम.

आपण आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. त्या शांततेबद्दल आभार मानावेत की काळजी करावी, हे या भाषणानंतर ठरवणे आम्हांस कठीण झाले आहे. म्हणून विनंती करतो, की ज्यांना यातील काही पटले नसेल त्यांनी आताच, चहापानाच्या आधी, उठून सांगावे. आणि पहिली पाळी मागे उभ्या असलेल्यांची असावी.